एक आजी, दोन फायली

मित्रांनो, मासिकात प्रेम, पाऊस आणि मेसची भाजी या विषयांवर दर वर्षी भरपूर लिहून येतं. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतोय : म्हातारपणी ठिसूळ होणारं हाड आणि विसरू लागणारं डोकं. बोअर वाटलं ना? पण पान उलटू नका, विषय आपल्या सिलॅबसमधलाच आहे.

गोष्ट 1866 सालची. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल कुलमान नावाचे प्राध्यापक होते. ट्रसमधली बलं कागदावर रेषा काढून शोधायची जी पद्धत आपण शिकतो, ती उभी करण्यात या माणसाचा मोठा वाटा. त्यांच्या पाहण्यात हेर्मान फोन मायर या शरीररचनातज्ज्ञाने काढलेलं मांडीच्या हाडाच्या उभ्या छेदाचं चित्र आलं. खुब्यापाशी हे हाड आतून भरीव नसतं, बारीक काड्यांची जाळी असते. त्या जाळीच्या रेषा कुलमान यांना ओळखीच्या वाटल्या. वाकड्या मानेच्या क्रेनवर वजन टांगलं की ताणाच्या आणि दाबाच्या रेषा जशा वळतात, तशाच त्या वळल्या होत्या! पुढे 1892 मध्ये युलियुस वोल्फ या जर्मन सर्जनने पुस्तक लिहून नियमच मांडला. हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना घडत जाते, बदलत जाते.

म्हणजे हाड हा काही काँक्रीटचा कॉलम नव्हे. एकदा ओतला, क्युरिंग केलं, साइट बंद, असं तिथे नसतं. काम आयुष्यभर चालू. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या. भार येईनासा झाला की खरवडणाऱ्यांचं फावतं. अंतराळात वजनच जाणवत नाही, त्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने कमी होतं. तेही व्यायाम वगैरे करणाऱ्या ठणठणीत माणसांचं!

आता मला सांगा, आपल्या हाडांवर भार टाकतं कोण? आपण चालतो, उठतो, पायऱ्या चढतो तेव्हा तो पडतो. आणि हे सगळं आपल्याकडून करवून घेतं कोण? डोकं. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते मला कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या आजीच्या खाटेशेजारी कळलं.

आजी वाई तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. शाळा चौथीपर्यंतची, पण गल्लीतल्या अकरा घरांचा दुधाचा रतीब तिच्या डोक्यात असायचा. कालनिर्णयवर नुसत्या खुणा. गोल म्हणजे एक लिटर, उभी रेघ म्हणजे अर्धा, फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरीला ती त्या खुणांवरून तोंडी हिशोब सांगायची आणि एक रुपयाही चुकायचा नाही. 2022 च्या सुमारास एकाच तारखेवर दोन-दोन गोल दिसायला लागले. मग भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. आई तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. “वय झालं आता, चालायचंच,” असं उत्तर मिळालं.

2023 च्या पावसाळ्यात एका रात्री आजी मोरीकडे जायला उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. फार उंचावरून नाही, स्वतःच्या उंचीवरून. तेवढ्याने खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, रॉड घातला. तोवर सगळं ठीक होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री मात्र ती सलाईनची नळी ओढायला लागली. मी उशाशी होतो. माझा हात धरून म्हणाली, “दादा, गाडी मिळाली का रे वेळेवर? भाकरी खाऊन जा.” दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या मावशी म्हणाल्या, “वात झालाय त्यांना.” डॉक्टरांच्या भाषेत त्याला डिलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, आणि ज्यांची स्मृती आधीच उणावलेली असते त्यांच्यात जास्त. मी तिला सांगितलं, “हो आक्का, मिळाली गाडी. आता झोप.” तेव्हा कुठे तिने नळी सोडली.

डिस्चार्जनंतर घरी दोन फायली आल्या. हिरवी फाईल हाडाच्या डॉक्टरांची, पिवळी मेंदूच्या डॉक्टरांची. हिरवीत विसरण्याबद्दल एक ओळ नाही, पिवळीत हाडाबद्दल एक ओळ नाही. दोघेही डॉक्टर चांगले होते, आपापलं काम त्यांनी चोख केलं. पण आजी तर एकच होती ना!

हा दुवा जोडला तो घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी. आजी वॉकर धरून अंगणात चालायची. ताई मुद्दाम मध्येच विचारायच्या, “आजी, आज कालवण कशाचं केलंय?” आजी थांबायची, विचार करायची, उत्तर द्यायची आणि मगच पुढचं पाऊल टाकायची. ताईंनी आईला विचारलं, “पडायच्या आधीपासून अशा थांबायच्या का?” आईला आठवलं. देवळाच्या वाटेवर गेलं वर्षभर असंच व्हायचं. कोणी काही विचारलं की पाय थांबायचे.

मी पुण्यात परत आल्यावर लायब्ररीच्या नेटवर शोधत बसलो. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नेमकं हेच छापलं होतं. त्यांनी 58 वृद्धांशी चालता चालता गप्पा मारल्या. बोलताना 12 जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले! कारण असं की चालणं आपल्याला फुकटचं वाटतं, पण मेंदूला ते फुकट नसतं. तोल, पुढचा दगड, ओला फरशीचा तुकडा, सगळं मागे चालू असतं. आपला प्रोसेसर तरुण आहे म्हणून आपण मोबाईल बघत जिना उतरतो. प्रोसेसर थकला की दोन कामं एकदम झेपत नाहीत.

आता चक्र कसं फिरतं बघा. डोकं थकलं की माणूस बाहेर पडायचं टाळतो. चालणं कमी, म्हणून हाडावरचा भार कमी. ऊन कमी, म्हणून ड जीवनसत्त्व कमी. जेवलो की नाही हेच आठवत नाही, म्हणून प्रथिनं आणि कॅल्शियम कमी. हाड ठिसूळ होतं, तोलही जातो आणि पडल्यावर मोडतं. मग ऑपरेशन, अंथरूण, डिलिरियम, आणि डोकं आणखी एक पायरी खाली. आपण कंट्रोल सिस्टीममध्ये पॉझिटिव्ह फीडबॅक शिकतो तो हाच. नाव पॉझिटिव्ह, परिणाम मात्र सिस्टीम हाताबाहेर!

हे फक्त आमच्या घरचं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध अभ्यासातून 2005 मध्ये असं दिसलं, की ज्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता सर्वांत खालच्या चतुर्थांशात होती, त्यांना अल्झायमर होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त होता. पुरुषांमध्ये तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. सरासरी 72 वर्षं वयाच्या 3651 जणांवर सरासरी 11 वर्षं लक्ष ठेवलं होतं. 688 जणांना स्मृतिभ्रंश झाला, आणि ज्यांचं हाड विरळ त्यांच्यात प्रमाण जास्त.

आता एम-थ्रीच्या तासाला जागे असलेले लगेच विचारतील, “कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे, त्याचं काय?” बरोबर! हाड विरळ झालं म्हणून स्मृती गेली, असं यातून सिद्ध होत नाही. उलटंही असू शकतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी होते, त्या काळात हाड झिजत असेल. किंवा दोघांच्या मागे तिसरंच कारण असेल. पाळी गेल्यावर स्त्रियांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि हाड भराभर झिजतं, हे नक्की. त्याच इस्ट्रोजेनचं मेंदूतही काम असतं. पण कारण कुठलंही असो, एका ठिकाणी तडा दिसला तर दुसऱ्या ठिकाणी बघायलाच हवं, एवढं तरी यातून कळतं. पुलाच्या एका बेअरिंगला गडबड दिसली तर आपण बाकीची तपासणार नाही का?

आपल्या देशात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीच्या पुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचं प्रमाण जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. थोडक्यात, आपल्या आज्या.

हाड तपासायला डेक्सा नावाची तपासणी असते. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडून घनता मोजतात. तरुण निरोगी माणसाच्या सरासरीपेक्षा अडीच स्टँडर्ड डेव्हिएशन किंवा त्याहून खाली आकडा आला की ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची, 1994 पासूनची. दुखत नाही, सुई नाही, थोड्या वेळात होतं. विसरण्याची तपासणी तर साध्या प्रश्नांनी सुरू होते. शिवाय थायरॉइड आणि बी-12 बघतात, कारण त्यांच्या कमतरतेमुळे येणारा विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो. “वय झालं” हे निदान नव्हे, एवढं मी आता खात्रीने सांगतो.

हॉस्टेलवासीयांनो, तुमचा आकडाही सांगून ठेवतो. हाडाचा साठा विशीच्या अखेरीपर्यंत भरत जातो, नंतर फक्त खर्च. म्हणजे एफडी करायची मुदत आत्ताची आहे, आणि आपण ती रूमवर पडदे लावून पीएलमध्ये झोपून काढतोय! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये ठरवल्याप्रमाणे आपल्याला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पाळी गेलेल्या बायकांना 1200. मॅगी आणि कटिंगवर ते होत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, बाकी दूध, दही, तीळ. आणि रोज ग्राउंडवर पळा, उड्या मारा. हाडाला भार लागतो, कॅरमने तो येत नाही.

आजीचं काय झालं? हिरवी आणि पिवळी फाईल आईने एकाच दोऱ्याने बांधली. आता कुठल्याही डॉक्टरकडे ती दोन्ही नेते. रात्रीचं झोपेचं औषध डॉक्टरांनी बदललं, कारण त्याने तोल जायचा. मोरीत कठडा बसवला, उंबरा काढला, व्हरांड्यात रात्रभर छोटा दिवा असतो. आजी सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारते. रतीबाचा हिशोब काही परत आला नाही, तो येणारही नाही. पण त्यानंतर ती पडलेली नाही आणि बहुतेक दिवस मला माझ्याच नावाने हाक मारते. आईने, वय 51, स्वतःचीही डेक्सा करून घेतली.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आज्या, आणि सरांच्या-मॅडमच्या आया, घरी अशाच अंगणात चालत असतील. पुढच्या सुट्टीत तिच्याबरोबर देवळापर्यंत जा आणि चालता चालता गप्पा मारा. उत्तर द्यायला ती थांबली म्हणजे रोग झालाच, असं नाही. पण ती थांबली, तर तुम्हीही थांबा. आणि नंतर तिला घेऊन दोन्ही तपासण्या करून या.

अंतिम वर्ष, स्थापत्य