चलो, पोपटी पार्टी!

पोपटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मिरची खाणारा पोपट येत असेल, तर बॉस, तुमचे बरेच हिवाळे फुकट गेलेत! रायगडच्या किनाऱ्यावर थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, रात्री शेतात मडकं लावून जी पार्टी रंगते ती पोपटी. गुजरातमध्ये वलसाडच्या हायवेवर मिळणाऱ्या उंबाडियूची ही सख्खी बहीण. हल्ली रिसॉर्टवालेही पोपटी नाइट्सचं पॅकेज देतात. पण खरी मजा कुणाच्या तरी गावी.

मला ती मिळाली सासवण्यात, मैत्रिणीच्या काकांकडे. शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली. 2020 पासून ही बोट सुरू आहे, गाडी थेट आत चढते आणि तासाभरात मांडवा. पुढे सासवणे अगदीच जवळ. (शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर-संग्रहालय इथेच आहे, चुकवू नका.)

काकांनी चहाचा कपही धड संपवू दिला नाही. ‘‘चला पोरींनो, आधी पाला काढायचा. काळोख पडला की दिसायचा नाही.’’ पाला म्हणजे भांबुर्डा. बांधावर आपसूक उगवणारं रानटी झुडूप, पान चुरगाळलं की उग्र, औषधी वास. तो नसेल तर पोपटी नाही, नुसत्या उकडलेल्या शेंगा. विकत आणायची सोय नाही, शोधत फिरायचं.

फिरलो. तीन कंपाउंड वॉल्सना वळसा घालून. आत हिरवंगार लॉन, बंद बंगले, कुत्रा आणि वॉचमन. ‘‘हा सगळा वाल होता,’’ काका म्हणाले. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच इथला वाल होतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. म्हणजे भातशेती गेली की वालही गेला, आणि बांध गेला की भांबुर्डाही.

मी तावातावाने म्हटलं, ‘‘काका, लोक विकतात कशाला पण?’’

काकांनी शांतपणे मैत्रिणीकडे बोट दाखवलं. ‘‘हिच्या बाबांनी विकली म्हणून ही इंजिनिअर झाली. शेंगा विकून फी भरली असती काय?’’ मैत्रीण पाला खुडत राहिली. भिंतीपलीकडचा तो तुकडा तिच्या बाबांच्या वाटणीचा होता. आमच्या ग्रुपमध्ये ‘अलिबागला छोटासा प्लॉट’ हे निम्म्या लोकांचं स्वप्न आहे, त्यामुळे माझंही तोंड बंद.

परत आल्यावर सूत्रं काकींकडे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा थर. वर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या अख्ख्या शेंगा, मग बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला असा ठासायचा की मडकं उपडं केलं तरी काही सांडता कामा नये. कारण ते उपडंच ठेवायचं असतं! भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून आग. आत ना तेल, ना पाण्याचा थेंब. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवरच सगळं वाफवतं.

अर्धा-पाऊण तास शेकोटीभोवती गप्पा. मग काकींनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र करून थेंब उडाले, म्हणजे झालं. पेपरवर मडकं रिकामं केलं आणि जो धुरकट, ओव्याचा, रानाचा वास सुटला ना... डाएट गेलं खड्ड्यात! शेंग दातांत धरून ओढायची, दाणे आत, साल बाहेर. वालाचा कडवटपणा मऊ होतो, चिकनला पाल्याचा वास लागतो. राखेने काळ्या झालेल्या हातांनी मी किती शेंगा संपवल्या ते विचारू नका. मैत्रीण नेहमी वचावचा बोलते. त्या रात्री ती सावकाश एकेक दाणा सोलत होती.

काकींनी आधीच थोड्या शेंगा वेलावर राखून ठेवल्या होत्या. बियाण्याच्या. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

जायचं असेल तर बेत जानेवारीत ठरवा, शेंगा तेव्हा भरलेल्या असतात. भांबुर्ड्याच्या फांद्या खुडा, रोप उपटू नका. आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा हव्या असतील तर एवढ्या लवकर मिळायच्या नाहीत. त्यासाठी मार्चमध्ये कार्ले-खंडाळ्याकडे दुसरी ट्रिप मारावी लागेल.