काळी आई, गोरी नवरी

तुळशीचे लग्न लागले की आमच्या साखरखेर्डा भागात दोन माणसांना उसंत राहत नाही. एक आचारी आणि दुसरा फोटोवाला. आचाऱ्याचे काम शेवटची पंगत उठली की संपते. फोटोवाल्याचे मात्र लग्नाच्या महिनाभर आधी सुरू होते आणि लग्नानंतरही दोन-चार महिने चालते. पूर्वी असे नव्हते. माझ्या लग्नात फोटोवाला छत्तीस फोटोंचा एक रोल घेऊन आला होता. मंगलाष्टके, सप्तपदी, पंगत आणि रुसलेले एक मेहुणे, सगळे त्या छत्तिसांत बसवायचे होते. आता लग्नाआधीच नवरा-नवरीला कधी सिंदखेडराजाला, कधी लोणारला, नाहीतर कुणाच्या फुललेल्या शेतात नेऊन फोटो काढतात. त्याला प्री-वेडिंग म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण आमच्या आयाबायांच्या तोंडी तो आता चांगलाच बसला आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा हेच काम करतो. त्याला ना कुणाची नोकरी, ना स्वतःचे दुकान. एक कॅमेरा, तीन लेन्स, एक मोटारसायकल आणि डोक्यावर कॅमेऱ्याचा हप्ता. बोलावतील तिथे जायचे. शहरात अशा माणसाला फ्रीलान्स फोटोग्राफर म्हणतात. आमची बहीण म्हणते, "पोरगं अजून मोकळंच हाय." दोन्हींचा अर्थ एकच, पण एकाने मान वाढतो आणि दुसऱ्याने सोयरीक अडते.

हा मुलगा दोन वर्षे मुंबईत होता. फॅशनचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून राहिला आणि २०२० च्या टाळेबंदीत गावी परत आला. पैसे तीन-तीन महिन्यांनी मिळत, काही तर मिळालेच नाहीत. पण तो तिथले सांगू लागला की आम्ही सगळे काम सोडून ऐकत बसतो. एका फोटोसाठी दहा-बारा माणसे राबतात. एक केस पाहतो, एक चेहरा रंगवतो, एक नुसता कपड्यांच्या चुण्या पाहतो. झगा मॉडेलच्या अंगाला नेमका बसलेला दिसावा म्हणून पाठीमागून चिमटे लावून आवळतात. समोरून राणी, मागून वाळत घातलेले कपडे! हे ऐकून आमची बहीण पोट धरून हसली. मला मात्र तितके हसू आले नाही. तीस वर्षे शेती खात्यात काढल्यावर प्रात्यक्षिकाच्या प्लॉटची पाटी शेताच्या कोणत्या बाजूला लावतात, हे मला चांगले माहीत आहे.

या भाच्याचे दैवत म्हणजे गौतम राजाध्यक्ष. मराठी घरात जन्मलेला हा माणूस रसायनशास्त्राचा पदवीधर. काही काळ त्यांनी महाविद्यालयात शिकवले, मग १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत फोटोच्या विभागात गेले. १९८० पासून ते सिनेनटांचे आणि फॅशनचे फोटो काढू लागले आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून स्वतंत्र झाले. दुर्गाबाई खोटे त्यांच्या नात्यातल्या. 'चंदेरी' या मराठी सिने-नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. १९९७ मध्ये त्यांचे 'फेसेस' हे फोटोंचे मोठे पुस्तक निघाले आणि २०११ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. भाच्याने ते पुस्तक मुंबईत कुणाकडे तरी पाहिले होते. तो म्हणतो, "मामा, त्याहिनं माणसाचा चेहरा पाहिला, कपडे मंग." त्यांचा प्रकाश मऊ असे, सकाळी ओसरीवर येतो तसा. त्या प्रकाशात माणूस आपले दडवलेले काही सैल सोडतो आहे असे वाटते.

प्रकाशाचा विषय निघाला की आमचे मामा-भाच्याचे चांगले जमते. शेतात फोटो काढणाऱ्या कुणालाही एक अनुभव येतो. फुटलेल्या कापसाचा फोटो काढावा तर कापूस मळकट येतो. नांगरलेल्या काळ्या रानाचा काढावा तर रान पांढुरके दिसते. कारण कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे यंत्र समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करडी समजते आणि त्या मापाने उजेड कमी-जास्त करते. पांढऱ्याला ते दाबते, काळ्याला उजळते. आणि सावळा माणूस लख्ख आभाळासमोर उभा केला की आभाळाच्या उजेडाने यंत्र फसते व माणसाच्या चेहऱ्याचा कोळसा होतो. दोष माणसाच्या रंगाचा नसतो, मापाचा असतो. जाणता फोटोग्राफर यंत्राचे ऐकत नाही. तो चेहऱ्यावरचा उजेड धरून माप ठरवतो आणि एका बाजूने थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून चेहऱ्यावर प्रकाश परतवतो.

रंगीत फिल्मची गोष्ट तर याहून कडू आहे. कित्येक वर्षे फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड वापरत. कोडॅक कंपनीच्या त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईचा रंग बरोबर आला की सगळ्या जगाचा रंग बरोबर आला, असा हिशेब. काळ्या लोकांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उमटत नसत. पण कंपनीने मनावर घेतले ते चॉकलेटवाल्यांची आणि लाकडी फर्निचरवाल्यांची तक्रार आल्यावर. आमच्या चॉकलेटचे आणि लाकडाचे रंग वेगवेगळे दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. गिऱ्हाईक मोठे म्हणून फिल्म सुधारली. माणसांचा त्यात आपोआप फायदा झाला.

आपल्याकडे तर फिल्मची गरजही नव्हती. लग्न जमवताना 'गोरी, सडपातळ' हे शब्द आधी येतात, शिक्षण मागून येते. पंढरीचा देव सावळा, त्याच्या पायी चालत जायचे. जमीन काळी, तिला काळी आई म्हणायचे, दसऱ्याला आणि वेळाअमावास्येला पुजायचे. जितकी काळी तितकी भारी म्हणून भावही जास्त द्यायचा. सून मात्र गोरी पाहिजे. मी माती परीक्षणाच्या सभेत हे एकदा बोललो तेव्हा बायकांच्या बाजूने मोठा हशा झाला आणि पुरुषांच्या बाजूला दोघे-तिघे तंबाखू मळू लागले.

गोरे करण्याचे मलम १९७५ मध्ये बाजारात आले. २०२० मध्ये कंपनीने त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घातला. पण नाव बदलल्याने गावातली मागणी कमी झाली असे मला किराणा दुकानात तरी दिसले नाही. आणि याच काळात फॅशनच्या जगात उलटेही घडत होते. नागपूरची मधू सप्रे, मैदानावर धावणारी, सावळी मुलगी. ती १९९२ मध्ये मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी विश्वसुंदरीच्या स्पर्धेत तिसरी आली. भाचा सांगतो की मुंबईत नामांकित कपड्यांच्या फोटोंसाठी सावळ्या मुलींना आवर्जून बोलावतात आणि त्याच आठवड्यात क्रीमच्या जाहिरातीला गोरी शोधतात. म्हणजे त्या जगाला स्वतःचे मत नाही, गिऱ्हाइकाचे आहे. तरी प्रकाश कसा धरावा हे माझ्या भाच्याला त्याच जगाने शिकवले, हेही विसरता येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत भाच्याला आमच्याच पंचक्रोशीतले एक काम मिळाले. मुलीचे वडील सात एकरांचे कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन, तूर आणि थोडी करडई. सौदा पस्तीस हजारांत ठरला, पंधरा आगाऊ. त्या हंगामात सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात त्याहून बरेच खाली विकावे लागले. तेव्हा पस्तीस हजार म्हणजे आठ-साडेआठ क्विंटल सोयाबीन. कोरडवाहूत ते दीड-दोन एकरांचे पीक झाले. एवढे पीक फोटोवर घालावे का, हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, मोठ्या भावानं पोरीचं केलं. मी नाही केलं तं लोक काय म्हनतीन?" याला शेती खात्याकडे औषध नाही.

फोटो मुलीच्या बापाच्याच शेतात काढायचे ठरले. करडई पिवळीधमक फुलली होती. नवरीने नऊवारी नेसली आणि सरळ पिकात शिरू लागली. मी बांधावरून ओरडलो. फुललेल्या करडईत नऊवारी घेऊन जाणे म्हणजे साडी कायमची तिथेच सोडून येणे! शेवटी बांधावर उभी करून, मागे पिवळे रान घेऊन, सूर्य कलल्यावर काम सुरू झाले. थर्माकोलचा पत्रा नवरीच्या धाकट्या बहिणीने धरला. बारावीतली पोर, पण भाच्याने 'थोडं वर, थोडं डावीकडे' म्हटले की लगेच समजायची. अर्ध्या तासात तिला कुठला उजेड ताईच्या गालावर पडतो हे न सांगता कळू लागले. नवरदेव समृद्धी महामार्गावर कामाला असलेला साधा मुलगा. तो सगळा वेळ नवरीकडे पाहून लाजत होता आणि फोटोसाठी ते पुरेसे होते.

फोटो उत्तम आले. नवरीचा रंग भिजलेल्या काळ्या रानासारखा आणि त्यावर संध्याकाळची तिरीप. कपाळावर लहानपणी बैलगाडीवरून पडल्याची बारीक खूण, तीही दिसत होती. चार दिवसांनी वडिलांचा फोन आला.

"दादा, फोटो झकास हायेत. पन पोरगी काळी दिसती. जराशी गोरी करा."

"काका, ताई तशाच हायेत."

"तशीच हाय हे मले म्हाईत नाही का? पाव्हण्यायले दाखवाचं हाय. तेवढं झालं की बाकीचे वीस घेऊन जा."

भाचा माझ्याकडे आला. कॅमेऱ्याचा हप्ता पाच तारखेला होता. गोरे करायला संगणकावर दोन मिनिटे लागतात, हे त्यानेच मला सांगितले. "मुंबईत मी हे दिवसाला पन्नास फोटोंले करत व्हतो, मामा. तिथं काही वाटलं नाही. ते चेहरे माह्या वळखीचे नव्हते." मला वडिलांचाही राग येत नव्हता. याच मुलीची दोन स्थळे रंगावरून परत गेली होती. 'मुलगी चांगली आहे, पण' एवढे बोलून पाहुणे चहा पिऊन उठले होते. ज्याने हे दोनदा ऐकले आहे, त्याला फोटोतल्या प्रकाशाची शास्त्रीय माहिती सांगून काय उपयोग?

एक गोष्ट मात्र मला बोलावीशी वाटली आणि ती मी भाच्याबरोबर जाऊन त्यांच्या ओसरीवर बोललो. जून २०२० मध्ये आपल्या लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावातले कितीतरी लोक म्हणाले की फोटोत रंग भरला आहे. पाणी खरेच गुलाबी होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खारटपणा वाढल्याने वाढलेल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग आहे. आपण फोटोत इतके रंग भरले आहेत की खरा फोटोही कुणी खरा मानत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्याच मोबाइलने पिकाचा फोटो काढून देतो. तोही असा रंगवायचा ठरला तर सातबाऱ्यावर काय लागेल? वडील ऐकत होते, पण माना हलवण्यापलीकडे काही नाही.

तेव्हा आतून नवरीच आली. म्हणाली, "दोन्ही दाखवा." भाच्याने तिथेच लॅपटॉपवर एक फोटो गोरा करून दोन्ही शेजारी ठेवले. गोऱ्या फोटोत कपाळावरची खूण गेली होती आणि मागची करडईही फिकी पडली होती. तिने दोन्ही पाहिले. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, मांडवात मी अशीच येनार हाय. मंग लोक म्हनतीन, नवरी बदलली." आजी जात्याजवळ बसली होती, ती एवढ्या मोठ्याने हसली की वडिलांनाही हसावे लागले.

अल्बम खऱ्या रंगाचा झाला. बांधावरचा तो फोटो मोठा करून त्यांनी ओसरीवर लावला आहे, येणारा-जाणारा त्याखाली बसतो. पैसे वीसऐवजी पंधरा मिळाले. बाकीच्या पाचांचे नाव अजून निघालेले नाही. भाचा मागत नाही आणि मीही मध्ये पडत नाही. त्याला त्या फोटोवरून आणखी दोन कामे आली. त्यांतल्या एका घरी पहिल्याच बोलण्यात 'गोरी कराल ना?' असे विचारले गेले. तिथे त्याने काय केले ते मी विचारले नाही. हप्ता दर महिन्याला येतो.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्याने स्थळ म्हणून एका मुलीचा बायोडाटा माझ्या मोबाइलवर पाठवला. गुळगुळीत गोरा चेहरा, गुलाबी ओठ, मागे कुठला तरी परदेशातला बगीचा. नाव, गाव वाचले तरी मला काही केल्या चेहरा ओळखता येईना. वडिलांचे नाव वाचले तेव्हा लक्षात आले. थर्माकोल धरणारी ती धाकटी.