गारठ्यातील घरची वाट

धुळे-जळगाव मार्गावर बर्फ कधी पडत नाही. तथापि हिमालयात हिमवर्षाव झाला की मागोमाग उत्तरेचे कोरडे वारे तापीखोऱ्यात उतरतात आणि पौषातील रात्री धुळ्याचा पारा कधी कधी ८ अंशांच्याही खाली जातो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून चौविहार पाळणारी मंडळी धुळ्यातच भोजन आटोपून घराकडे निघतात. वसुलीची कामे अर्धी राहतात, तो भाग निराळा!

मुकटी, पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत गाडीच्या काचा उघडवत नाहीत. पाळधीनंतर गिरणाकाठ जवळ येतो, तसा काचा बंद असूनही धुराचा वास येऊ लागतो. केळीबागांच्या बांधांवर शेतकऱ्यांनी ओला-सुका कचरा पेटवून धूर केलेला असतो. वीज असली तर विहिरीचे कोमट पाणीही रात्रीच बागेला सोडलेले असते. पारा १० अंशांखाली उतरला की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, घड निसवण्यास विलंब लागतो. घड लांबला की आपल्या पेढीवरील खताच्या उधारीचा हिशेबही लांबतो. त्या धुरातून जाताना गाडीतील वडीलधारी मंडळी बोलणे थांबवतात आणि कोणती बाग कोणाची, हे अंधारातच ओळखू पाहतात.