भाऊ, तुमच्या खोलीत एसी होता काय?

गेली सहा वर्षं मी संगणकाच्या सुट्या भागांची परीक्षणं लिहितोय. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हा शनिवार-रविवारचा उद्योग. कंपन्या खोकी पाठवतात. मी ती फोडतो, जोडतो, तापवतो आणि आकडे लिहितो. वाचकांच्या शिव्या ह्या कामात धरलेल्याच असतात. एका पंख्याच्या आवाजाला मी ‘सुसह्य’ म्हटलं, तर एकाने मला कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. त्याचं मला काही वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वॉटरकूलिंगचं किट आलं. पंप, पाण्याची छोटी टाकी, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक, २४० मिलिमीटरचा रेडिएटर, दोन पंखे, नळ्या. किंमत २५ हजारांच्या घरात. हे कधी पाहिलं नसेल तर गाडीचं इंजिन आठवा. पाणी प्रोसेसरची उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे पंखे ती हवेत सोडतात. जोडायला अख्खा रविवार गेला. नळ्या कापल्या, फिटिंग्ज आवळल्या, मग बाकी संगणक बंद ठेवून नुसता पंप सुरू केला आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून झोपलो. म्हणजे, झोपलो नाहीच. सकाळी सगळे टिश्यू कोरडे निघाले तेव्हा मी बायकोला हाक मारून ते कोरडे टिश्यू दाखवले. हा आनंद परीक्षणात उतरला, आणि तिथेच गडबड झाली.

चाचणीसाठी रायझन ९ ५९००एक्स घेतला. पूर्ण भार दिला की तो साधारण १४२ वॉट ओढतो. पंखे हळू ठेवले, १० मिनिटं चालवलं. किटवर ६६ अंश, साध्या टॉवर कूलरवर ७४. ८ अंशांचा फरक मी ठळक अक्षरांत लिहिला. खोलीचं तापमान २६, हे शेवटच्या तक्त्यात बारीक अक्षरांत होतं.

मे महिन्यात चंद्रपूरहून मेल आली. लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ, मालक आणि एक पोरगा. विषयाच्या जागी एवढंच: ‘भाऊ, तुमच्या खोलीत एसी होता काय?’

त्याने माझं वाचून किट घेतलं होतं. स्टुडिओसाठी मोठा डेझर्ट कूलर घ्यायचा की हे, असा प्रश्न होता. दोन्ही परवडत नव्हतं. लग्नाचा सीझन, दिवसभर रेंडर चालू, खोलीत ४३ अंश. प्रोसेसर ९० ला टेकत होता आणि वेग आपोआप पडत होता. ह्या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे.

मी उत्तर दिलं. आज ते वाचवत नाही. ‘चाचणीची परिस्थिती परीक्षणात स्पष्ट नमूद केली आहे’, वगैरे. विमा कंपनीच्या पत्रासारखं.

त्याचं उलट उत्तर आलं, रागाचा मागमूस नसलेलं. ‘हो, वाचलं होतं मी. पण आमच्याकडे २६ अंशाची खोलीच नाही, म्हणून त्या आकड्याचं काय करायचं ते समजलं नाही.’

त्या शनिवारी मी एसी बंद केला. पुण्यातल्या माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत पारा ३५ वर गेला. ह्या वेळी १० मिनिटांवर थांबलो नाही, दीड तास चालवलं. १० मिनिटांत किट झकास दिसत होतं. मग आकडा हळूहळू चढत गेला आणि ८० वर स्थिरावला. टॉवर कूलर ८३. माझे ८ अंश ३ वर आले होते.

कारण लाजिरवाणं सोपं आहे. लिटरभर पाणी १ अंशाने तापायला जवळजवळ ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणून सुरुवातीचा बराच वेळ ते उष्णता नुसती पोटात साठवतं. तेवढ्यात चाचणी संपवली तर श्रेय रेडिएटरला जातं, मेहनत पाण्याची असते. दुसरं असं की हे पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. माठातलं होतं, कारण माठ पाझरतो आणि बाष्पीभवन उष्णता घेऊन जातं. डेझर्ट कूलरचंही तेच. किट मात्र बंद नळ्यांचं. प्रोसेसर खोलीच्या वर ४५ अंश, एवढंच त्याचं वचन. ४३ मध्ये ४५ मिळवा, ८८ झाले. वर ग्राफिक्स कार्डाची धग त्याच डब्यात. त्याचा संगणक अगदी बरोबर वागत होता.

म्हणजे त्याला डेझर्ट कूलरच घ्यायला हवा होता. चंद्रपूरच्या कोरड्या हवेत त्याने खोली चांगलीच उतरली असती, आणि प्रोसेसरबरोबर ती दोन माणसंही गार झाली असती. हे मी परीक्षणाच्या डोक्यावर लिहिलं, जुना तक्ता खोडून खाली तसाच ठेवला. एक-दोघांनी ‘आत्ता सुचलं का’ विचारलं. बरोबरच विचारलं. एकाने सांगितलं की दिव्यांच्या रंगांवर मी अडीच परिच्छेद खर्च केले होते. मोजले, तीन होते.

त्याला माफीची मेल लिहिली, किट विकायला मदत करतो म्हणालो. तो म्हणाला, राहू द्या, आता रेंडर रात्री २ नंतर लावतो, सकाळी ६ पर्यंत निभतं. पोरगा थांबतो. पोरग्याला रात्रीचे जास्त देतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

भिंतीवर आता तापमापक आहे, ३०० रुपयांचा. कुठलंही खोकं फोडण्याआधी त्याचा फोटो काढतो, आणि तो आकडा शीर्षकाखालीच जातो.

गेल्या महिन्यात त्याची पुन्हा मेल आली. पाणी गढूळ दिसतंय, बदलायचंय. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर चालेल काय? ‘चालेल’ असं लिहून मी पाठवणारच होतो. मग खोडलं. लिहिलं, आधी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आणि जुनं पाणी पांढऱ्या वाटीत काढून त्याचाही.