बिदनूरच्या विहिरीतले बाण

शिमोगा मागे पडले की मलनाड सुरू होतो. दिवाळी होऊन गेली होती. पोफळीच्या बागांमधून बस वळणे घेत होती आणि दारोदारच्या अंगणांत सुपारी वाळत होती. नगर नावाच्या लहानशा गावात उतरलो. हेच जुने बिदनूर, केळदीच्या नायकांची राजधानी.

मराठी इतिहासात हे नाव 1689 साली येते. रायगडाला मोगलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज वेश पालटून जिंजीकडे निघाले, तेव्हा राणी चेन्नम्माने औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आसरा दिला.

किल्ला टेकाडावर आहे, शेजारी तळे. शेवाळलेल्या बुरुजांमधून आत गेलो की गवतात दरबाराची जोती दिसतात. 1763 मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीने हे शहर जिंकून त्याला आपले नाव दिले. 1783 च्या सुरुवातीला इंग्रज सेनापती मॅथ्यूज इथे शिरला. काही महिन्यांतच हैदरचा मुलगा टिपू याने वेढा घालून किल्ला परत घेतला आणि मॅथ्यूज कैदेतच मेला. या आडरानासाठी एवढी ओढाताण का, हे तटावर उभे राहिले की कळते. घाट उतरून कोकणपट्टीच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर या ठाण्याची नजर होती.

मी आलो होतो ते मात्र एका विहिरीची बातमी वाचून. 2002 मध्ये इथल्या एका पडीक विहिरीत लोखंडी नळकांडी सापडली होती. सुरुवातीला ती तोफेचे गोळे समजून ठेवून दिली गेली; ते टिपूच्या काळातले अग्निबाण आहेत, हे काही वर्षांनी लक्षात आले. मग 2018 च्या जुलैत कर्नाटकच्या पुरातत्त्व खात्याने ती विहीर उपसली. चिखलाला दारूचा वास येत होता आणि त्यातून हजारांहून अधिक बाण निघाले.

शिमोग्याला परतून शिवप्प नायकाच्या वाड्यातले सरकारी संग्रहालय गाठले. बाण गंजलेले, जेमतेम वीतभर लांबीचे. पाहताक्षणी छाती दडपावी असे त्यांत काही नाही. सगळी करामत त्या लोखंडी कवचात आहे. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू ठासून भरली तर नळीच फुटते. लोखंड दाब सोसते, म्हणून मागच्या भोकातून वायू जोराने सुटतो आणि बाण दूर जातो. बाणाला लांब बांबू बांधायचा, तो त्याला सरळ ठेवी. बाण मराठ्यांच्या फौजेतही होते. म्हैसूरकरांची आघाडी होती ती लोखंडात.

या बाणांचा प्रसाद आर्थर वेलस्लीलाही मिळाला. एप्रिल 1799 मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठेच्या राईत रात्री केलेला त्याचा हल्ला फसला, त्यात बाणांचाही मारा होता. पुढे असईला शिंदे-भोसल्यांवर मात करणारा सेनापती तो हाच. 1799 च्याच 4 मे रोजी श्रीरंगपट्टण पडले. हाती लागलेले बाण इंग्लंडला गेले, विल्यम काँग्रीव्हने वूलिचच्या शस्त्रागारात आपले अग्निबाण घडवले, आणि 1807 मध्ये त्यांनी कोपनहेगन पेटवले.

काँग्रीव्हने किती उचलले आणि स्वतःचे किती घातले, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. बिदनूरचा ढीग पाहिल्यावर मला तो वाद दुय्यम वाटू लागला. डोंगरातल्या एका ठाण्यावर हजार बाण असतात, तेव्हा त्यांच्यामागे लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या असतात, पत्रा वळवणारे लोहार असतात, सोरा आणि कोळसा पुरवणारी माणसे असतात आणि या सगळ्यांचा पगार चुकता करणारा खजिना असतो. युक्ती एखाद्या कारागिराला सुचते, पण तिचे हजार नग काढायला राज्य लागते. 1799 मध्ये म्हैसूरचे ते राज्य गेले. वूलिचच्या मागे साम्राज्य उभे होते, म्हणून पुढचा बाण तिथे घडला.