गागाभट्ट मला उशिरा कळले

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जवळ आली की आमच्या कापड्यातून पोरं रायगडाला निघतात आणि गागाभट्टांचे नाव कानावर येते. माझ्या लेखी ते तेवढेच होते: ६ जून १६७४ रोजी महाराजांना राज्याभिषेक करणारे काशीचे पंडित. ते मीमांसक होते, हे ठाऊक असूनही मी सोडून देई. मीमांसा म्हणजे यज्ञाच्या बारीकसारीक विधींचा काथ्याकूट, आणि तिच्यावरच्या टीका-उपटीका म्हणजे हुशार माणसांची वाया गेलेली आयुष्ये, असे मी चारचौघांत ठासून सांगत असे.

ते मत आज माझे नाही. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी करत पसरणी घाट उतरला की वाई लागते. तिथल्या प्राज्ञपाठशाळेचा सात खंडांचा मीमांसाकोश हाती आला. तो सिद्ध करणारे केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या सुडकोलीचे. कोश वाचताना अधिकरणाची, म्हणजे मीमांसेत एकेक वादाचा प्रश्न सोडवण्याची, रीत उमगली. आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष. तोही विरोधकाने स्वतः मांडावा इतक्या जोराने. सिद्धान्त त्यानंतर. दोन प्रमाणांत विरोध आला तर बलवान कोणते, याचाही क्रम लावलेला: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. उदाहरणे यज्ञातली, पण शिस्त कुठल्याही वचनाचा अर्थ लावण्याची. वारसा आणि दत्तकाचे प्रश्न धर्मशास्त्रकारांनी याच शिस्तीने सोडवले. विरोधकाचे म्हणणे आधी पूर्ण मांडणे आज आपल्या किती सभांत घडते?

युरोपात तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनसही आक्षेप आधी मांडी, उत्तर नंतर देई. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्याच्या अभ्यासाला चालना दिली आणि तिथले मध्ययुगीन तत्त्वज्ञान नव्याने वाचले जाऊ लागले. आपल्याकडे जुने ग्रंथ नव्याने वाचण्याचे ओझे मोजक्या शास्त्र्यांनी वाहिले.

गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. निर्णयसिंधूचे कर्ते कमलाकरभट्ट हे त्यांचे चुलते. स्वतः गागाभट्टांनी मीमांसेवर भाट्टचिंतामणी लिहिला. शिवार्कोदय तर महाराजांच्या नावाचा ग्रंथ. शेल्डन पोलॉक, रोझलिंड ओ'हॅनलन असे परदेशी अभ्यासक या काळच्या काशीच्या पंडितांवर लिहितात. मी गडावर ऐकलेल्या भाषणांत मात्र या ग्रंथांचा उल्लेख कधी आला नाही.

महाड-पोलादपूरच्या शिक्षकांना आणि गडावर बोलणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या ज्येष्ठात गागाभट्टांचे नाव घ्याल, तेव्हा भाट्टचिंतामणीचेही घ्या, आणि त्यातला एक पूर्वपक्ष मुलांना समजावून सांगा.