मायना

परवा एका स्नेह्याने मला सरळच प्रश्न केला. दत्तजयंती नुकतीच झाली होती. मी ओटीवर कागद, कातर, खळीची वाटी आणि रंगाच्या वड्या मांडून बसलो होतो. माझा हा उद्योग जामनेरात बहुतेकांच्या परिचयाचा आहे. दत्तजयंतीपासून संक्रांतीपर्यंत रोज सायंकाळी देवापाशी दिवा लागला की मी आप्तेष्टांकरिता एक भेटपत्र तयार करतो. एका दिवशी एकच, आणि एका माणसाकरिता एकच. स्नेही म्हणाले, "मास्तर, हाच मजकूर मोबाईलवर एकदा लिहिला तर दोनशे माणसांना क्षणात पोचतो. मग हा खटाटोप कशाकरिता? यात काही व्रतबीत आहे की काय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही.

वस्तुतः कला म्हणावी असे माझ्या भेटपत्रांत काही नसते. पिंपळाचे पान हे त्यातील मुख्य. आई सांगत असे की पिंपळाचे पान झाडावरून तोडू नये. म्हणून वाऱ्याने पडलेले, पण अजून हिरवे असलेले पान मी वेचून आणतो. दिवाळी आटोपली की ती पाने पाण्यात भिजत पडतात. तीनचार आठवडे पाणी मधूनमधून बदलावे लागते, आणि त्या दिवसांत न्हाणीघराच्या बाजूस जो वास सुटतो त्याबद्दल घरातील मंडळींचे बोलणेही ऐकून घ्यावे लागते. पानाचा गर कुजून सैल झाला म्हणजे मऊ कुंचल्याने तो हलकेच धुऊन काढायचा. मागे राहते ती केवळ शिरांची जाळी. ती जुन्या पंचांगात दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. वर कोपऱ्यात हळदीकुंकवाचे बोट, त्याखाली 'श्री', आणि आत कागदाच्या इवल्या पुडीत हलव्याचे पाचसात दाणे. हा हलवा आमच्या घरीच होतो. मंद आचेवर परात, तीत तीळ, त्यांवर चमचा-चमचा साखरेचा पाक आणि बोटांनी अखंड ढवळणे. थंडीच्या पहाटे असे काही दिवस गेले म्हणजे कुठे दाण्यांस काटा येतो. टपालाच्या प्रवासात त्यातील निम्म्यांचे पीठ होते, ही गोष्ट निराळी.

छापील भेटपत्राची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या एका कामसू गृहस्थास नाताळच्या सुमारास स्नेह्यांना पत्रे लिहिण्यास सवड होईना. त्याने हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढविले, त्याच्या सुमारे १,००० प्रती छापविल्या आणि आपली अडचण दूर केली. म्हणजे हे भेटपत्र जन्मास आले तेच मुळी वेळ वाचविण्याकरिता. त्यात वाईट असे काही नाही. आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, तेव्हा गरिबालाही क्षेमकुशल कळविण्याची सोय झाली. मोबाईल हा त्याच कुळातला. परंतु शुभेच्छा धाडताना जो वेळ आपण वाचवितो तो ज्याला ती धाडली त्याच्याच वाट्यातून वाचविलेला असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आणि शुभेच्छा म्हणजे तरी काय? 'आपले कल्याण होवो' असे मी लिहितो. ते कोण करणार? मी तर नव्हेच. माझे स्वतःचे कल्याणदेखील माझ्या हाती नाही. ऐकणारा कुणीतरी आहे असे धरूनच ते वाक्य मनापासून लिहिता येते. एरवी ती केवळ रीत. जुन्या पोथ्यांच्या नकला करणारे लेखक आरंभी 'श्रीगणेशाय नमः' लिहीत आणि शेवटी 'शुभं भवतु' लिहून लेखणी खाली ठेवीत. ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा वाचकाचेही शुभ ते चिंतीत असत. लिखित जप करणारी वृद्ध माणसे वह्यांमागून वह्या रामनामाने भरून काढतात. हात चालतो तोवर मन फार लांब जाऊ शकत नाही, हे त्यातील मर्म. माझे भेटपत्र हा तसाच एक जप आहे. फरक इतकाच की त्यात नाव माणसाचे असते. पानाच्या शिरा सरळ करीत तासभर बसले असता त्या माणसाचे दुखणे, त्याच्या मुलीचे अडलेले लग्न, त्याने कधीकाळी केलेला उपकार, सारे डोळ्यांपुढून जाते. शेजारी दिवा तेवत असतो. यापलीकडची प्रार्थना मला येत नाही.

पण या उद्योगातील खरी कसोटी चित्रात नसून मायन्यात आहे. आपल्या भाषेत पत्र लिहिणाऱ्यास पहिल्या ओळीतच नाते ठरवावे लागते. वडीलधाऱ्यांस 'तीर्थरूप', धाकट्यांस 'चिरंजीव', बरोबरीच्यास 'सप्रेम नमस्कार'. आधी पायरी ठरवावयाची, मग मजकूर. माझ्या यादीत दहा वर्षे एक नाव असे होते की ज्याचा मायना मला लिहिता येत नव्हता.

माझे थोरले बंधू पाचोऱ्यास असतात. वडिलांच्या माघारी शेताची वाटणी झाली, ती गोडीने झाली. परंतु विहीर एकच राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला. त्या दिवशी मी बोललो ते धाकट्याने बोलू नये असे होते, आणि दादा बोलले ते थोरल्याने बोलू नये असे होते. त्यानंतर बोलणेच खुंटले. जामनेर-पाचोरा ही ५६ किलोमीटरांची अरुंद रुळांची गाडी तेव्हा चालू होती. लहानपणी त्या गाडीत खिडकीजवळची जागा दादा मला देत, आणि डोळ्यांत कोळशाचा कण गेला तर सदऱ्याच्या टोकाने अलगद टिपून काढीत. २०२० साली साथीच्या दिवसांत ती गाडी थांबली, तेव्हा गावातील इतर लोकांप्रमाणे मीही हळहळलो. पण खरे सांगावयाचे तर पाचोऱ्यास न जाण्याला मला एक सबळ कारण मिळाले.

तरीही दरवर्षी मी दादांकरिता भेटपत्र करीत असे. यादीत त्यांचे नाव शेवटी. पण सर्वांत सुरेख जाळी त्यांच्याकरिताच राखून ठेवलेली. 'श्री' लिहून होई आणि टाक तेथेच थांबे. 'तीर्थरूप' लिहावे तर ते मनात नव्हते. आणि मनात नाही ते देवाच्या दिव्यापुढे लिहिणे म्हणजे खोटी साक्ष देणे. 'सप्रेम नमस्कार' लिहावा तर तो परक्याचा मायना. अखेर ते पत्र पेटीत जाई. अशी नऊ पत्रे साठली.

गेल्या वर्षी कार्तिकात मी बोदवडवरून मुक्ताईनगरास गेलो होतो. मुक्ताबाईचे दर्शन घेऊन पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांच्या देवळात गेलो. चांगदेवांची कथा आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेला हा सिद्धपुरुष ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयाने पाहावे तर ज्ञानदेव बालक, म्हणून 'चिरंजीव' लिहावे. ज्ञानाने पाहावे तर थोर, म्हणून 'तीर्थरूप' लिहावे. निर्णय होईना, तेव्हा त्याने कोरा कागदच धाडला. एवढी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई तो पाहून म्हणाली. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहिले; तीच ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'.

आजवर ही कथा ऐकताना मी मुक्ताबाईच्या बाजूने हसत आलो होतो. संगमाच्या काठी बसलो असता मात्र तिची दुसरी बाजू प्रथमच माझ्या ध्यानी आली. चांगदेवाने तो कागद पेटीत ठेवला नाही. त्याने तो पाठविला. न पाठविता तर उत्तर कशाला येते? मायना सुचत नाही म्हणून मी पत्रच अडवून धरले, आणि त्याला सत्यनिष्ठा असे नाव दिले. वस्तुतः तो निखळ अभिमान होता.

त्यानंतरच्या संक्रांतीस मी दादांचे दहावे पत्र टपालात टाकले. हळदीकुंकू, 'श्री', पिंपळाची जाळी आणि हलव्याची पुडी; बाकी सारे कोरे. सहीदेखील नाही. पत्ता मात्र स्वच्छ अक्षरात लिहिला होता.

आठ दिवस काहीच घडले नाही. नवव्या दिवशी पोस्टकार्ड आले. ते हाती पडताच प्रथम मी त्याचे कोपरे पाहिले. अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. ज्या घराशी बोलणे नाही आणि जेथे वृद्ध माणूस आहे तेथून कार्ड आले म्हणजे आमच्या पिढीतील मनुष्य मजकुराच्या आधी कोपरा पाहतो. चारही कोपरे धड होते. मग मला अक्षर दिसले. ते दादांचेच होते, थोडे कापरे झालेले. "चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद. हलव्याचे पीठ पोचले. मायना लिहावयाचा राहिला आहे, तो घेऊन स्वतः यावे."

मी गेलो. विहिरीची पाळी अद्याप ठरलेली नाही; त्या विषयात आम्ही दोघेही चांगलेच हट्टी आहोत. पण पेटीतील नऊ पत्रे मी बरोबर नेली होती. दादांनी ती एकेक करून चष्म्याशी धरून पाहिली, आणि "यातली एक जाळी फाटली आहे" अशी चूकही काढली.

स्नेह्यांना काय उत्तर द्यावे हे मला अजून नीटसे सुचलेले नाही. व्रत म्हणावे तर त्याचा संकल्प मी कधी सोडला नाही, आणि उद्यापन करण्याचाही विचार नाही. यंदा यादी काढताना दादांचे नाव शेवटून पहिले आणले आहे. आज त्यांचा दिवस. दिवा लागला आहे, जाळी चिकटवून झाली आहे, 'श्री' लिहून वाळला आहे. आता टाक शाईत बुडवून 'तीर्थरूप' लिहावयाचे. त्यातील वेलांटीस थोडी जास्त जागा लागते. ती मी मोकळी सोडून ठेवली आहे.